समुपदेशकाच्या मागे कोण उभं आहे?

बी.एड.ला असताना माझा एक पाठ पडला. आम्ही 'पडला' हाच शब्द वापरायचो. सातवीचा वर्ग होता आणि घटक होता विशेषण. रात्री दोनपर्यंत जागून टाचण लिहिलं होतं, रंगीत तक्ते केले होते, तरी दहाव्या मिनिटाला वर्ग हातातून निसटला. मागच्या बाकावर आमच्या मार्गदर्शक मॅडम निरीक्षण वही घेऊन बसल्या होत्या. तास संपला तेव्हा आता बोलणी खावी लागणार असंच वाटलं. मॅडमनी चहा मागवला आणि विचारलं, "तिसऱ्या रांगेतल्या मुलीनं तीन वेळा हात वर केला होता. तुला दिसला का?"

मला दिसला नव्हता. मी सगळा तास टाचणाकडे बघत होते.

त्या एका प्रश्नानं मला जे शिकवलं ते शैक्षणिक मानसशास्त्राच्या अख्ख्या पेपरनं शिकवलं नाही. आज वीसेक वर्षं झाली. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते, कधी उलटंही करते, आणि अजून फळ्याकडे वळण्याआधी तिसऱ्या रांगेकडे नजर जाते.

हे आता आठवायचं कारण माझा मामेभाऊ. त्याचं नाव लिहीत नाही. नांदूरघाटात नाव न लिहिताही ओळखणारे ओळखतील, पण त्याची परवानगी घेतली आहे. ऐन तरुणपणी तो दारूला लागला. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर जायचा, उचल घ्यायचा आणि घरी येईपर्यंत ती संपलेली असायची. घरच्यांनी दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला, दोन्ही वेळा परत घसरला. तिसऱ्यांदा मात्र टिकला. पाच महिने झाल्यावर त्याच केंद्रानं त्याला सांगितलं, आता तू इथेच राहा, काउन्सेलर म्हणून. जेवण, राहणं आणि हातात थोडेफार पैसे. मामूंना केवढा आनंद झाला होता! पोराला नोकरीही लागली आणि इज्जतही परत आली.

प्रशिक्षण म्हणून त्याला काय मिळालं? एक फाईल, एक रजिस्टर आणि "तू स्वतः यातून गेलास, तुला काय सांगायचं" हे वाक्य. तीसेक पेशंट त्याच्या गळ्यात. त्यातला एक त्याच्याच वयाचा, ऊसतोड टोळीतला. दोघांचं जमलं. तो पेशंट बरा होऊन गेला, आठवड्यात परत प्यायला लागला आणि महिनाभरात रस्त्यावरच्या अपघातात वारला. माझ्या भावानं ती बातमी फोनवर ऐकली, रजिस्टर भरलं आणि संध्याकाळचा ग्रुप घेतला. कुणी त्याला काही विचारलं नाही. आठ दिवसांनी त्यानं ग्लास हातात घेतला.

पुढे खूप दिवसांनी तो माझ्याकडे येऊन बसला, तेव्हा आमच्या बोलीत एवढंच म्हणाला, "आपा, दिनभर मैं सबकी सुनता था. मेरी कोण सुनता?"

मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. पण या प्रश्नाला जगात उत्तर आहे, आणि गंमत म्हणजे ते उत्तर निघालं आमच्याच धंद्यातून. इंग्रजीत ज्याला क्लिनिकल सुपरव्हिजन म्हणतात, ते नाव ऐकून दवाखाना डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात शिक्षणक्षेत्रात हे नाव रुजवलं मॉरिस कोगन यांनी, १९५० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात, होतकरू शिक्षकांबरोबर काम करताना. त्यांचे सहकारी रॉबर्ट गोल्डहॅमर यांचं शिक्षकांच्या पर्यवेक्षणावरचं पुस्तक १९६९ मध्ये आलं. त्यांनी पाच पायऱ्या सांगितल्या. तासाआधी बोलणं, तास बघणं, बघितलेल्याचा विचार करणं, शिक्षकाशी बसून बोलणं, आणि शेवटी आपण मार्गदर्शक म्हणून कसे वागलो ते तपासणं. शेवटची पायरी वाचून मला मॅडम आठवल्या. त्याही वहीत स्वतःसाठी काहीतरी लिहायच्या. तेव्हा वाटायचं, आमचे गुण लिहितायत.

मनोविश्लेषकांच्या जगात ही रीत त्याआधीची. १९२० मध्ये बर्लिनमध्ये मॅक्स आयटिंगन आणि त्यांच्या सोबत्यांनी उपचारकेंद्र काढलं. तिथे शिकाऊ विश्लेषकानं आपला रुग्ण बघायचा आणि अनुभवी माणसासमोर त्याबद्दल बोलायचं असा शिरस्ता पडला. म्हणजे शंभर वर्षांपासून हे ठरलेलं आहे की दुसऱ्याचं मन ऐकणारा माणूस एकटा सोडायचा नसतो. आमच्याकडे मात्र व्यसनमुक्तीच्या कामात तो सर्रास एकटा असतो.

इथे एक घोळ आधीच निस्तरायला हवा. सुपरव्हिजन म्हटलं की आपल्याला तपासणी आठवते. साहेब येणार म्हणून शाळा सारवायची, शेरेबुक टेबलावर ठेवायचं, साहेबांनी हजेरीपट बघून 'समाधानकारक' लिहायचं आणि चहा घेऊन जायचं. केंद्रांतही तेच होतं. खाटा किती, रजिस्टर पूर्ण आहे का, आग विझवायचं नळकांडं आहे का. हे सगळं हवंच. पण समुपदेशक रुग्णाशी बोलताना नेमकं काय बोलला, आणि रुग्ण गप्प झाला तो कोणत्या वाक्यानंतर, हे त्या शेरेबुकात कधी येत नाही. मी ज्याबद्दल लिहितेय ते हे दुसरं.

ते का हवं, हे समजायला बी.एड.ची जुनी वही पुरते. अल्बर्ट बांडुरा यांचा बाहुलीचा प्रयोग आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिलाय. १९६१, स्टॅनफर्ड. मोठ्या माणसाला बाहुलीला बडवताना मुलांनी पाहिलं आणि संधी मिळताच तसंच बडवलं, तेच शब्द वापरून. आता हाच प्रयोग केंद्रात बघा. रुग्ण म्हणून आलेल्या पोराला पहिल्या दिवशी शिव्या मिळाल्या, कुणी हात उगारला, सगळ्यांसमोर त्याच्या आईचे अश्रू काढून दाखवले. तो सुधारला. तो का सुधारला हे कुणी तपासलं नाही, त्याचंही त्याला कळलं नाही. त्याच्या मनात एवढंच बसलं की असं केल्यानं माणूस सुधारतो. उद्या तो खुर्चीच्या पलीकडे बसला की दुसरं काय करणार? त्यानं समुपदेशनाचा एकच नमुना आयुष्यात पाहिलाय. तो दुष्ट नाही, त्याला दुसरा नमुना दाखवलाच नाही.

डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ च्या पुस्तकात अनुभवातून शिकण्याचं चक्र मांडलं. अनुभव येतो, त्याकडे मागे वळून बघायचं, त्यातून काही सूत्र हाती लागतं, ते पुढच्या वेळी करून बघायचं. या चक्रात मधल्या दोन पायऱ्या गाळल्या की उरतो नुसता अनुभव, आणि नुसता अनुभव माणसाला शहाणा करत नाही, सवयीचा करतो. आमच्या पेशात 'वीस वर्षांचा अनुभव' आणि 'एका वर्षाचा अनुभव वीस वेळा' यातला फरक स्टाफरूममध्ये बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, कुणी तोंडावर बोलत नाही एवढंच. केंद्रांत अनुभवाची कमी नाही. मागे वळून बघायला जागा आणि वेळ नाही, सोबत तर नाहीच.

आपल्या वाचकांना हे वेगळ्या उदाहरणानं लवकर पटेल. माझा सख्खा भाऊ हाफिज आहे. हिफ्ज करताना रोज उस्तादांना नवा सबक ऐकवायचा आणि त्याबरोबर मागचं पाठ केलेलंही, ज्याला आमोख्ता म्हणतात. पुढे दस्तारबंदी झाली, हार पडले, लोक हाफिजसाहेब म्हणायला लागले. म्हणून ऐकवणं संपलं का? रमजानमध्ये तरावीहला तो पुढे उभा राहतो, तेव्हा मागे पहिल्या सफमध्ये दुसरा हाफिज उभा असतो, सामे म्हणतात त्याला. पुढचा अडखळला की मागचा लुकमा देतो. पुढच्याला त्यात अपमान वाटत नाही. उलट मागे सामे नसेल तर त्यालाच धास्ती वाटते. अख्खं पाठ असलेल्या माणसाला आपण ऐकणारा दिलाय, आणि पाच महिन्यांपूर्वी दारू सोडलेल्या पोराला तीस माणसं देऊन एकटं पुढे उभं केलं.

तीन दिवसांच्या कार्यशाळेनं हे भागत नाही का? व्यसनाच्या क्षेत्रात सध्या ज्या पद्धतीचा बोलबाला आहे, ती मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे रुग्णाशी वाद न घालता त्याच्याच तोंडून बदलाची कारणं यावीत असं बोलणं. विल्यम मिलर यांनी त्यावरचा पहिला लेख १९८३ मध्ये लिहिला. त्याची जन्मकथा मला फार आवडते. मिलर नॉर्वेत बर्गनजवळच्या एका क्लिनिकमध्ये होते. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ रुग्णाचं सोंग घेऊन त्यांच्यासमोर बसायचे आणि मध्येच थांबवून विचारायचे, आता हेच वाक्य का बोललात, दुसरं का नाही? उत्तरं देता देता मिलरना स्वतःलाच कळलं की आपण कोणत्या नियमानं चालतो. शिष्यांनी गुरूचा पाठ निरीक्षला आणि त्यातून पद्धत निघाली!

याच मिलर यांनी सहकाऱ्यांबरोबर २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्यसन उपचारातले १४० व्यावसायिक घेतले आणि त्यांचे गट पाडले. काहींना फक्त कार्यशाळा, काहींना त्यानंतर त्यांच्या ध्वनिमुद्रित सत्रांवर अभिप्राय, काहींना फोनवरून मार्गदर्शन, काहींना दोन्ही. नुसत्या कार्यशाळेनं कौशल्य वाढलं, पण ते टिकलं पुढे अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालेल्यांचं. आणि रुग्णांच्या बोलण्यात फरक दिसला तो ज्यांना दोन्ही मिळालं त्यांच्याच. सेवांतर्गत प्रशिक्षणाला जाऊन फोल्डर आणि पेन घेऊन आलेल्या कुठल्याही शिक्षकाला याचं आश्चर्य वाटणार नाही.

मॉडेलं बरीच आहेत, सगळी सांगत बसत नाही. दोन-तीन उपयोगाची वाटली. स्टोल्टेनबर्ग आणि डेलवर्थ यांनी १९८७ मध्ये समुपदेशकाच्या वाढीच्या पातळ्या मांडल्या. पहिल्या पातळीवरचा घाबरलेला असतो, त्याला 'काय करू ते सांगा' असं हवं असतं. दुसऱ्या पातळीवरचा कधी फार आत्मविश्वासात, कधी एकदम कोसळलेला. तिसऱ्यावर स्थिरता येते. प्रत्येकाला वेगळी सोबत लागते, वायगॉट्स्कींच्या भाषेत बोलायचं तर आधार किती द्यायचा आणि कधी काढायचा हाच प्रश्न. माझा भाऊ दुसऱ्या पातळीवर होता. पेशंट टिकला तेव्हा आकाशात, गेला तेव्हा जमिनीत. जॅनिन बर्नार्ड यांनी १९७९ मध्ये पर्यवेक्षकाच्या तीन टोप्या सांगितल्या, कधी शिक्षक, कधी समुपदेशक, कधी सल्लागार. कोणत्या क्षणी कोणती टोपी घालायची हे ओळखणं हीच त्याची कला. आणि खास व्यसनाच्या क्षेत्रासाठी डेव्हिड पॉवेल यांनी हे सगळं एकत्र करून १९९३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचा आग्रह एकच लक्षात ठेवण्यासारखा. समुपदेशक तुम्हाला येऊन जे सांगतो त्यावर विसंबू नका, प्रत्यक्ष बघा किंवा मुद्रण ऐका. अगदी खरं आहे. मी मॅडमना त्या तासाबद्दल सांगितलं असतं तर विशेषणांबद्दल सांगितलं असतं. तिसऱ्या रांगेतला हात माझ्या अहवालात आलाच नसता.

व्यसनातून बाहेर आलेल्या माणसानं समुपदेशक होऊ नये, असं कुणी यातून काढू नये. मी त्याच्या अगदी उलट मताची आहे. महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचं नाव घेतलं की मुक्तांगण आठवतं. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं, १९८६ साली ते पुण्यात सुरू केलं. अनिल अवचटांचं 'गर्द'वरचं लिखाण त्याच्या मुळाशी होतं. तिथे सुरुवातीपासून बरे झालेले रुग्ण कार्यकर्ते होत गेले. पण तिथे त्यांच्यामागे मनोविकारतज्ज्ञ होत्या, माणसं होती, बायकांचा सहचरी गट होता, बाहेर पडलेल्यांचा पाठपुरावा होता. १९९७ मध्ये डॉ. अनिताताई गेल्या, पुढे त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम सांभाळलं. अनिल अवचट २०२२ मध्ये गेले. संस्था चालू आहे. जिल्ह्याजिल्ह्यात निघालेल्या कित्येक केंद्रांनी मुक्तांगणातून एकच गोष्ट उचलली, रुग्णाला कार्यकर्ता करायची, कारण ती स्वस्त पडते. त्याच्यामागे उभं राहायची रीत उचलली नाही, कारण ती महाग पडते.

आता आपल्या मोहल्ल्याबद्दल. 'आपल्यात दारू नाही' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. हराम आहे हे खरं, नाही हे खरं नाही. दारू आहे, गोळ्या आहेत, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आहेत. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि माझ्या वर्गात सातवीच्या पोराच्या गालात पुडी असते. हराम असल्यामुळे झालंय एवढंच की आपण जास्त लपवतो. आधी तावीज, मग दर्गा, मग लग्न लावून देणं (बिचारी सून!), आणि सगळ्यात शेवटी केंद्र.

अशा घरातला एक माणूस एका केंद्रात गेला होता. समुपदेशकानं पहिल्याच भेटीत विचारलं, "तुमच्यात तर हराम आहे ना, मग तू कसा पितोस?" तो समुपदेशक वाईट हेतूनं बोलला नाही. त्याला वाटलं, धर्माचा आधार देऊ. पण जो माणूस तीच शरम पोटात घेऊन दहा वर्षं हिंडत होता, त्याला ते वाक्य दगडासारखं लागलं. तो परत गेला नाही. रजिस्टरमध्ये काय लिहिलं गेलं असेल? 'रुग्णाचे असहकार्य.' मागे कुणी ऐकणारा असता तर त्यानं विचारलं असतं, त्या वाक्यानंतर त्याचा चेहरा कसा झाला, तुला दिसला का? आणि तो समुपदेशक आयुष्यभर पुन्हा तसं बोलला नसता. आपले मौलानासाहेबही या बाबतीत वेगळे नाहीत, हेही सांगून टाकते. बयानमध्ये लानत करणं सोपं आहे. कुरआनात दारूबंदी एकदम आली नाही, टप्प्याटप्प्यानं आली, हे आपण मदरशातल्या पोरांनाही शिकवतो. माणसाची सवय हळू सुटते हे मान्य असलेला दीन आपला, आणि आपण मात्र घसरलेल्याला एका जुम्म्यात सुधारायला निघतो.

किती माणसांचा प्रश्न आहे? दिल्लीच्या एम्सनं केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात ५.७ कोटी लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, आणि दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळतात. तो अडतिसावा माणूस धीर करून दारात येतो. त्याच्यासमोर खुर्चीत कोण बसलंय, यावर सगळं ठरतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी संबंधित मानसिक स्थितीही मोजली आहे, म्हणजे मारहाण आणि कोंडून ठेवणं याविरुद्ध रुग्णाला कायद्याचं संरक्षण आहे. पण कायदा मारहाण थांबवेल, वाईट प्रश्न थांबवणार नाही.

पैसे कुठून आणायचे, हा आक्षेप मला ठाऊक आहे. केज तालुक्यात मनोविकारतज्ज्ञ दर आठवड्याला कुठून आणणार? आणू नका, फोनवर आणा. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये 'इको' नावाची रीत सुरू केली. खेड्यातले डॉक्टर व्हिडिओवर जमतात, एकजण आपला अवघड रुग्ण नाव न सांगता मांडतो, तज्ज्ञ आणि बाकीचे त्यावर बोलतात. आज माझी केस, पुढच्या वेळी तुझी. बंगळुरूच्या निम्हान्सनं व्यसन उपचारासाठी हीच रीत भारतात वापरली आहे. कोरोनात आमच्या पहिलीच्या पोरांनी मोबाईलवर शाळा केली. बीड, केज, अंबाजोगाई, धारूर इथल्या केंद्रांतले समुपदेशक पंधरा दिवसांतून एक तास एकत्र बसू शकत नाहीत, हे मला कुणी पटवू नये. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आहे. केंद्रांनी त्यांच्याकडे रीतसर मागणी तरी करावी.

यात दोन अटी मात्र कडक पाळाव्या लागतील. सत्र मुद्रित करायचं तर रुग्णाची लेखी परवानगी हवी, आणि नावगाव बाहेर जाता कामा नये. आपल्याकडे आडनाव आणि गल्ली सांगितली की माणूस सापडतो. दुसरी अट, ऐकणारा माणूस पगार देणारा नसावा. ज्याच्या हातात आपली नोकरी आहे त्याच्यासमोर 'मला काल प्यावंसं वाटलं' हे कोण बोलेल? माझा भाऊ बोलला नसता. बोलला असता तर कदाचित तो ग्लास हातात आला नसता. कदाचित म्हणते, कारण खात्री कुणालाच देता येत नाही.

तो सध्या बरा आहे. चौदा महिने झाले. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका केंद्रानं त्याला विचारलं, येतोस का काउन्सेलर म्हणून. मामूंनी लगेच हो म्हणायला सांगितलं. त्यानं एक दिवस मागितला, माझ्याकडे आला, आणि आम्ही दोघांनी बसून फोनवर मेसेज लिहिला. मराठी मी तपासलं. त्यात पगाराबद्दल काही विचारलं नव्हतं. एकच प्रश्न होता, 'आठवड्यातून एकदा माझं काम कोण ऐकणार?'

मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा त्याच संध्याकाळी आल्या. उत्तर अजून आलेलं नाही.